उलकानचा पासवर्ड

आमचा कॉम्प्युटर हळू चालतो असं मला वाटायला लागलं, तिथून सगळं सुरू झालं. खरं तर असं म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. मी स्वतः इतका सावकाश बोलतो की लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, तेव्हा ते दुसऱ्याच पाहुण्याशी बोलत होते. तरीही त्या यंत्राचा मला राग यायचा. बटण दाबावं, बाहेर जाऊन गाईला वैरण टाकावी, परत यावं, तर हे अजून जागंच होतंय.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. तेव्हा आमच्या किर्गिझस्तानात, कोचकोरच्या बाजूला, सगळ्यांकडे बटणांचे फोन होते. चेहरा बघून बोलायचं तर कॉम्प्युटरपुढे बसावं लागे. आमचा कॉम्प्युटर मुळात मुलीचा, चिनाराचा. ती नवऱ्याबरोबर मॉस्कोला कामाला गेली तेव्हा तो आमच्याकडे ठेवून गेली आणि आईला शिकवून गेली. मला नाही शिकवलं. (मी चौथीतून उठलो तो मेंढ्यांमागे गेलो, आणि शाळेत परतलो तो थेट बॉयलरमध्ये कोळसा टाकायला. त्यामुळे शाळेची मला ऊब माहीत आहे, बाकी फारसं नाही.)

दर रविवारी उलकान, म्हणजे माझी बायको, कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं फडकं नवरीच्या तोंडावरचं काढावं तसं काढायची आणि ब्राउझर उघडायची. ब्राउझर म्हणजे ज्यातून बाहेरचं जग दिसतं ती जागा, एवढं मला समजलं होतं. त्यात वरच्या बाजूला चिनाराचा बारीकसा फोटो असायचा. त्यावर क्लिक केलं की थोड्या वेळाने मुलगी समोर. कोण तुम्ही, कुठले तुम्ही, असं त्याने कधी विचारलं नाही. तो ब्राउझर उलकानला ओळखत होता.

एकदा उलकान बहिणीच्या नातवाच्या लग्नासाठी पलीकडच्या गावी गेली. ती येईपर्यंत कॉम्प्युटर पळता करून ठेवावा आणि तिला चकित करावं, असं मी ठरवलं. (मी तिला आजवर बऱ्याचदा चकित केलं आहे. ती दरवेळी बाह्या सरसावून ते निस्तरते.) आमच्या बाजारात ओरोझाली नावाचा माणूस घड्याळं, शिलाई मशिनं आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने यंत्र उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला की आतली सिस्टिम म्हातारी झाली आहे, ती काढून नवी टाकतो, हलकी आहे, फुकट आहे. मग त्याने विचारलं, आत काही महत्त्वाचं आहे का. मी नीट विचार केला. आत आमची मुलगी दिसते, पण ती तर मॉस्कोत आहे. मी म्हटलं, काही नाही.

नवी सिस्टिम खरोखर पळायची. वैरण टाकायला जायलाही सवड देईना. पण घरात शिरावं आणि दुसऱ्यांचीच माणसं बसलेली दिसावीत, तसं मला झालं. ब्राउझरचं चित्र वेगळं, रंग वेगळा. उघडला तर सगळं पांढरं, मधोमध एक लांब खाच, आणि तुम्हाला काय शोधायचंय ते लिहा म्हणे. चिनाराचा फोटो नव्हता. मी बटणांवरची अक्षरं शोधत, एका बोटाने, 'माझी मुलगी' असं लिहिलं. ब्राउझरने क्षणात उत्तर दिलं की असं काही जगात सापडत नाही.

मला वाईट वाटलं. पण मी चिकाटी सोडली नाही. खाली जी चित्रं होती ती उघडत गेलो. आता हा नवा ब्राउझर मोठा विचारणारा निघाला. प्रत्येक ठिकाणी आधी एक पाटी यायची: अमक्यांना तुम्हाला निरोप पाठवायचे आहेत, चालेल का? मी म्हटलं, चालेल. दाराशी उभं राहून कोणी इतक्या अदबीने विचारतो आणि आपण नाही म्हणायचं, हे आमच्याकडे होत नाही. दुसऱ्याने विचारलं, तुम्ही कुठे आहात ते जाणून घेऊ का? मी म्हटलं, घ्या की, या वयात कुठे असणार. असं मी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना हो म्हटलं. मग पडद्याच्या कोपऱ्यातून निरोप यायला लागले. केस गळण्यावरचं तेल, अल्माटीचं हवामान, कुठल्याशा गावचे स्वस्त सोफे. मला बरं वाटलं. घर भरल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी उलकान परत आली. आल्या आल्या तिने अंगातला लग्नाचा कोटही न काढता कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं, कारण तो साधा रविवार नव्हता. मॉस्कोत जन्मलेली आमची नात सेझिम उभी राहायला लागली होती, आणि त्या दिवशी दुपारी तिचा दोरा कापायचा होता. पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या दोन्ही पायांना मिळून काळापांढरा दोरा बांधायचा. मुलांनी लांबून धावत यायचं, पहिला येईल त्याने दोरा कापायचा, आणि मग पोराला चालवायचं. त्याआधी घरातल्या थोराने हात पसरून आशीर्वाद द्यायचा. तो थोर म्हणजे मी. पण माझं राहू द्या. उलकानने नातीला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. तिची नात तिला त्या ब्राउझरमधूनच भेटायची, आणि तिची पहिली पावलं तिला बघायची होती.

तिने पांढरा पडदा बघितला. खाच बघितली. मग कोपऱ्यातून आलेला केसांच्या तेलाचा निरोप बघितला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "अहो, माझी पोर कुठे ठेवलीत?"

मी तिला सगळं सांगितलं. माझं सांगून होईपर्यंत बराच वेळ गेला, पण ती मध्ये बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

चिनाराचा फोन आला. तिला परिस्थिती कळली तेव्हा ती आधी हसली, आणि मग तिच्याकडच्या पाहुण्यांपैकी अर्धे पुरुष दुपारनंतर कामाच्या पाळीला जाणार आहेत हे आठवून हसायची थांबली. तिने आईला कुठला पत्ता लिहायचा ते फोनवर एकेक अक्षर करून सांगितलं. इंग्रजी अक्षरं होती, ती उमटली. ओळखीचं पान उघडलं. त्या दोघींचा आणि माझा जीव भांड्यात पडला. आणि पानाने विचारलं: पासवर्ड?

हा पासवर्ड चिनारालाही माहीत नव्हता. सगळं सुरू करून देताना तिने आईला सांगितलं होतं की परक्याला कधी सुचणार नाही आणि तू कधी विसरणार नाहीस असा शब्द ठेव, आणि तो मुलीलाही सांगू नको. पुढे त्या जुन्या ब्राउझरने तो पोटात ठेवून घेतला आणि पुन्हा कधी विचारला नाही.

उलकान मला म्हणाली, "तिकडे बघा."

मी भिंतीवरच्या गालिच्याकडे तोंड केलं. पाठीमागे एका बोटाचा टकटक आवाज येत राहिला. बराच वेळ येत राहिला. शब्द लांबलचक होता. मग पानाने सांगितलं, पासवर्ड चुकीचा. तिने पुन्हा लिहिला. पुन्हा चुकीचा. पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते काळे ठिपके उमटतात, त्यामुळे काय चुकलं ते तिला कळेना. मी म्हटलं, मला सांग, मी लिहून बघतो. ती म्हणाली, नाही. मी विचारलं, का. ती म्हणाली, तुम्हाला सांगण्यासारखा नाही.

आता तुम्हीच सांगा. इतकी वर्षं ज्या बाईबरोबर एका ताटात जेवलो, तिच्याजवळ मला सांगण्यासारखा नाही असा एक लांबलचक शब्द आहे. माझं कुतूहल असं जागं झालं की क्षणभर नातीचाही विसर पडला.

मी डोकं चालवलं. आमच्याकडे सून सासरच्या थोरांची नावं तोंडातून काढत नाही. सासऱ्याचं नाही, दिरांचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. सगळ्यांना बायकांनी आपली आपली दुसरी नावं ठेवलेली असतात, ती त्या आपसात वापरतात. खरी नावं मात्र जिभेवर येत नाहीत. मग परक्याला कधी सुचणार नाही, स्वतः कधी विसरणार नाही आणि मला सांगता येणार नाही, असा शब्द कोणता?

मी तिला विचारलं, "माझ्यावरून आहे का?"

ती चहाच्या सामोवारकडे बघत म्हणाली, "तुमचंच म्हणायचं."

मला एकदम भरून आलं. जे नाव तिने लग्न झाल्यापासून एकदाही उच्चारलं नाही, ते तिने गुपचूप त्या यंत्रात नेऊन ठेवलं होतं. दर रविवारी मुलीला भेटायला जाताना तिने जणू माझ्याच नावाचं दार उघडलं होतं. (इतकं सुंदर मला सहसा सुचत नाही. म्हणूनच मी सावध व्हायला हवं होतं.)

उलकान मदतीला शेजारच्या बातमाला बोलवायला गेली. बातमा माझ्या चुलत पुतण्याची बायको, गावच्या वाचनालयात कॉम्प्युटरवर बसते. त्या दोघी येईपर्यंत मी खुर्चीवर बसलो आणि बटणं शोधत माझं नाव लिहिलं. मुकाश. पानाने सांगितलं, चुकीचं. मला वाटलं, बायको आदराने नाव घेणार, तर वडिलांच्या नावासकट घेतलं असेल. तेही लिहिलं. पानाने सांगितलं, चुकीचं, आणि आता एकच संधी उरली आहे, तीही चुकली तर उद्यापर्यंत दार बंद.

बातमाने येऊन ते वाचलं आणि विचारलं की ह्या जास्तीच्या संधी कोणी घालवल्या. खोलीत मी, मांजर आणि सामोवार होतो. मी मांजराकडे बघितलं.

बातमा म्हणाली, "सासूबाई, असं ठिपक्यांवर चाचपडून चालायचं नाही. तो शब्द आधी त्या वरच्या खाचेत लिहा. तिथे उघडा दिसतो. काय उमटतंय ते मला बघू दे."

उलकान म्हणाली, "ह्यांच्यासमोर?"

बातमाने माझ्याकडे पाहिलं, मग उलकानकडे पाहिलं, आणि तिने ओठ गच्च मिटून घेतले. म्हणजे हिला माहीत होता. न सांगताच कळला. माझ्या नावाचा शब्द शेजारणीला माहीत, आणि मला नाही. तिने मला फार गोड आवाजात सुचवलं की मामंजी, तुम्ही जरा गाईकडे बघून या.

मी गाईकडे गेलो. गाय बरी होती. तेवढ्यात खिशात फोन वाजला. चिनारा म्हणत होती की सेझिमचे पाय बांधून झाले आहेत आणि ती रडते आहे, पुरुषमंडळी बूट घालताहेत, आम्ही आता फार थांबू शकणार नाही. मागून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. मी फोन तसाच कानाला धरून घरात आलो. दोघी पडद्यात डोकं घालून बसल्या होत्या, त्यांनी मला पाहिलं नाही.

खाचेत इंग्रजी अक्षरांची एक रांग होती, कुठल्याच भाषेत अर्थ नसलेली. बातमा सांगत होती की बटणांवर अक्षरं आपली आहेत, पण नवी सिस्टिम आतून इंग्रजीच उमटवते. जुनीत जी दोन बटणं दाबून अक्षरं बदलायची ती हिच्यात चालत नाहीत. (म्हणजे 'माझी मुलगी' जगात सापडत नाही असं त्याने म्हटलं, ते मुलीबद्दल नव्हतं. आणि माझं नावही तिथे इंग्रजी चिवडा होऊनच पोचलं असणार. म्हणजे पासवर्ड अजूनही माझं नाव असू शकत होता. मी आशेने आणखी एक पाऊल पुढे सरकलो.) बातमाने कोपऱ्यातल्या एका बारक्या खुणेवर क्लिक केलं आणि म्हणाली, आता लिहा.

उलकान एका बोटाने लिहू लागली. मीही सावकाशच वाचतो, त्यामुळे आमचा वेग जुळला. र आला. रात्री आलं. रात्रीचा.

रात्रीचा चंद्र. रात्रीचा तारा. रात्रीचा राखणदार म्हटलं असतं तरी मी आयुष्यभर पुरवलं असतं.

बोट पुढे चालत राहिलं, आणि खाचेत अक्षरं पुरी झाली: रात्रीचाट्रॅक्टर.

मी पाठीमागून म्हणालो, "आपल्याकडे ट्रॅक्टर कुठे आहे?"

दोघी दचकल्या. बातमा गालिच्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. उलकानने मान वळवली नाही. ती म्हणाली, "आहे. उशीला डोकं लागलं की सुरू होतो."

"मी घोरतो?"

बातमा भिंतीकडे बघतच म्हणाली, "मामंजी, उन्हाळ्यात तुम्ही अंगणात झोपता ना, तेव्हा गल्लीतल्या कुठल्याच सुनेला अंगाई म्हणावी लागत नाही. पोरं तुमच्या आवाजावरच झोपतात. तुम्ही कुशीवर वळलात की उठतात."

दिवसभर चार वाक्यं बोलणारा माणूस रात्री अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, आणि हे त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. कानाशी धरलेल्या फोनमधून मॉस्कोतून चिनाराचं हसणं येत होतं. हसता हसता ती म्हणाली की बाबा, भांडण उद्या करा, आता लवकर.

बातमाने तो शब्द खाचेतून उचलून पासवर्डाच्या जागी ठेवला. दार उघडलं. आणि समोर चिनारा, तिच्यामागे खोलीभर माणसं, बूट घातलेली, कोट घातलेली, आणि मध्ये जमिनीवर पायात दोरा बांधलेली सेझिम, रडून लाल झालेली. उलकानने खुर्ची पुढे ओढली.

मी हात पसरले आणि आशीर्वाद द्यायला लागलो. मी पूर्वजांपासून सुरुवात केली. चौथ्या पूर्वजाला पोचलो तेव्हा उलकानने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी बाकीच्यांना तिथेच ठेवलं, तिची वाट सपाट असो म्हटलं, आणि तोंडावरून हात फिरवून आमीन म्हटलं. मुलं धावत आली, कोणाची तरी एक धिप्पाड मुलगी पहिली पोचली, सुरी फिरली, दोरा तुटला.

आणि नेमकं तेव्हा कोपऱ्यातून केसांचं तेल आलं. ते बरोबर सेझिमच्या पायांवर येऊन बसलं. वर पोरीचं तोंड दिसतंय, खाली तेलाची बाटली. बातमाने ते मिटवलं तर सोफा आला. सोफा हटवला तर अल्माटीत ढग आले. मी ज्यांना ज्यांना अदबीने हो म्हटलं होतं, ते सगळे नातीच्या कार्याला हजर झाले होते. उलकान खुर्चीतून अर्धी उठून मान इकडून तिकडे करत होती, जणू पुढे कोणी उंच माणूस बसला आहे. बातमाने ढग मिटवले. खाली दोन पाय दिसले. एक उचललेला, हवेत डळमळणारा. तो टेकला. मग दुसरा उचलला. सेझिम आईकडे न जाता सरळ आमच्याकडे आली, तिचं तोंड मोठं मोठं होत गेलं, आणि शेवटी पडदाभर नुसता एक ओला गाल उरला. उलकानने पडद्यावर हात ठेवला. तो तिने बराच वेळ काढला नाही. मीही काही बोललो नाही. ते मला जमतं.

पाहुणे पाळीला गेले, बातमा कणकेचे तळलेले बोरसोक खाऊन घरी गेली. उलकान मला म्हणाली की मी तो शब्द बदलते. मी म्हटलं, राहू दे, मला राग नाही. ती म्हणाली, राग नाही, पण आता तुम्हाला ठाऊक झाला, आता तो पासवर्ड कसला. दुसऱ्या दिवशी बातमाला बोलावून तिने शब्द बदलला. मी गालिच्याकडे तोंड करून बसलो होतो.

मी विचारलं, नवा कसा आहे. ती म्हणाली, चांगला आहे. मी विचारलं, माझ्यावरूनच का. ती म्हणाली, मग अजून कोणावरून असणार. तिचा आवाज फार मऊ होता. त्या मऊ आवाजाने माझी झोप उडाली. (गल्लीतल्या पोरांचीही उडाली, असं बातमा म्हणते.)

शेवटी एके सकाळी उलकान दूध घालायला गेली असताना मी कॉम्प्युटरपुढे बसलो. आता मी शहाणा झालो होतो. बातमासारखा प्रत्येक शब्द आधी वरच्या खाचेत उघडा लिहायचा, आपली अक्षरं उमटतात ना बघायचं, मगच पासवर्डाच्या जागी टाकायचा. मी मनाला लाज वाटू न देता सुरुवात केली. पान प्रत्येक वेळी चुकीचं म्हणत गेलं, आणि शेवटी त्याने दार लावून घेतलं.

उलकानने येऊन बघितलं आणि बातमाला बोलावलं. बातमाने खाचेत क्लिक केलं मात्र, खाली एक यादी उलगडली. कधी काय लिहिलं होतं ते सगळं तिच्यात होतं. ती चष्मा सारखा करून, वाचनालयात वाचतात तसं, मोठ्याने वाचायला लागली: देखणा. शहाणा. दिलदार. घराचा आधार. डोंगरासारखा.

उलकान वाटीत चहा ओतत होती. तिने ओतणं थांबवलं आणि मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "कोण गं हा? आपल्याकडचा आहे का?"